जुन्या प्रोसेसरमधला राखीव वेग

इंटेलने जानेवारी २०११मध्ये ‘कोअर आय-५ २५००के’ हा प्रोसेसर बाजारात आणला. चार कोअर, ३२ नॅनोमीटरचं तंत्र, ३.३ गिगाहर्ट्‌झचा वेग आणि नावाच्या शेवटी ‘के’. या चिपचा मल्टिप्लायर, म्हणजे मूळ घड्याळाच्या ठोक्यांना गुणून वेग ठरवणारा आकडा, कुलूपबंद नाही, मालकाला हवा तर वेग वाढवता येतो, हे सांगणारं ते अक्षर. इतकी वर्षं उलटली तरी हे प्रोसेसर घराघरांतल्या टेबलांखाली चालू आहेत आणि जुन्या मालाच्या दुकानांतून नव्या हातांत जात आहेत. ज्यांच्याकडे तो आहे, त्यांच्या मनात कधी ना कधी प्रश्न येतोच: याच्यातून आणखी थोडा वेग काढता येईल का? येतो. पण तो काढताना, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग करताना, नेमकी कशाची काळजी घ्यायची, याबद्दल फार गैरसमज आहेत. चिप जळेल अशी भीती बहुतेकांना असते. चिप सहसा जळत नाही. ती तापली की स्वतःच वेग कमी करते आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर संगणक बंद होतो. मला जास्त भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची: संगणक बंद न पडता चालू राहतो, आणि मधूनच चुकीचं उत्तर देतो.

हे कसं होतं ते समजायला चिपच्या आत डोकवावं लागतं. ३.३ गिगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला ३.३ अब्ज ठोके. एका ठोक्याच्या वाट्याला वेळ येतो साधारण ०.३ नॅनोसेकंद, एवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम नऊ सेंटिमीटर जातो. तेवढ्याच वेळात विद्युत संकेताने ट्रान्झिस्टरांच्या लांबलचक रांगेतून जाऊन, पुढचा ठोका पडायच्या आत ठरलेल्या जागी स्थिरावायचं असतं. चिपमधली सर्वांत रेंगाळणारी वाट जेवढा वेळ घेते, त्यावर त्या चिपचा कमाल वेग ठरतो. ठोका त्याच्याआधी पडला, तर अर्ध्या वाटेवरचा संकेत शून्याऐवजी एक म्हणून वाचला जातो. धूर नाही, आवाज नाही, एक बिट चुकला एवढंच. तो बिट एखाद्या चित्रातल्या ठिपक्याचा असेल तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. तो हिशेबाच्या फाइलमधला असेल, तर गोष्ट वेगळी.

मग कंपनीने छापलेल्या आकड्याच्या वर वेग शिल्लक राहतोच का? सिलिकॉनच्या एकाच चकतीवर (वेफरवर) बनलेल्या चिप्ससुद्धा सारख्या निघत नाहीत. कारखान्यात त्या तपासून वेगानुसार वेगळ्या काढतात. हमी द्यायची असते ती वाईटात वाईट परिस्थितीची: कोंदट कॅबिनेट, धुळीने भरलेला पंखा, हलका एसएमपीएस आणि वर्षानुवर्षांच्या वापराने मंदावलेले ट्रान्झिस्टर. हे सगळं गृहीत धरून आकडा खालीच छापला जातो. शिवाय बाजाराचाही हिशेब असतो. मधल्या किमतीच्या मालाला मागणी वाढली, की वरच्या दर्जाच्या चिप्सवरही खालचा आकडा छापून त्या विकल्या जातात.

या राखीव वेगाचा सर्वांत गाजलेला किस्सा १९९८मधला. इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातला प्रोसेसर ६६ मेगाहर्ट्‌झच्या बसवर, ४.५ च्या गुणकाने (म्हणजे मल्टिप्लायरने) ३०० मेगाहर्ट्‌झला चालायचा. मदरबोर्डवर बस, म्हणजे मूळ घड्याळ, १०० मेगाहर्ट्‌झला नेली, की तोच प्रोसेसर ४५० ला चालू लागायचा. कित्येकांचा तर फारशी खटपट न करता चालला. १२८ किलोबाइटची कॅश चिपच्या आतच आणि पूर्ण वेगाची असल्यामुळे तो कितीतरी महागड्या पेंटियम-२ ला टक्कर द्यायचा. त्याच काळात याची काळी बाजूही होती. काही व्यापारी चिपवरचा आकडा खरवडून वरचा आकडा छापत आणि वेगवान म्हणून विकत. गुणकाला कुलूप लागलं, त्यामागे ही लबाडी हे एक मोठं कारण होतं. पुढे ‘के’ चिप्समध्ये ते कुलूप थोडे जादा पैसे घेऊन उघडून मिळू लागलं.

२५००के ज्या पिढीतला, त्या सँडी ब्रिज पिढीत बसचा वेग वाढवण्याचा जुना मार्ग जवळजवळ बंद झाला. तिथे १०० मेगाहर्ट्‌झचं एकच मूळ घड्याळ प्रोसेसर, पीसीआय एक्सप्रेस आणि सॅटा या सगळ्यांना चालवतं. ते चार-पाच टक्क्यांपलीकडे ताणलं, की हार्ड डिस्कशी होणारी देवाणघेवाणच बिघडू शकते. म्हणून त्याला हात लावायचाच नाही. वाढवायचा तो फक्त मल्टिप्लायर. ३३ चा ४२ केला की ४.२ गिगाहर्ट्‌झ. पण त्यासाठी मदरबोर्डवरचा चिपसेट पी६७, झेड६८ किंवा नंतरचा झेड७७ यांसारखा लागतो. आपल्याकडच्या असेंबल केलेल्या स्वस्त पीसींत सर्रास दिसणाऱ्या एच६१ बोर्डवर ही सोय नाही. ब्रँडेड पीसीच्या बायोसमध्येही ती सहसा नसते. तेव्हा सगळ्यात आधी मदरबोर्डवर छापलेलं मॉडेल वाचा. अर्ध्या लोकांचा प्रश्न तिथेच संपतो.

आता या सगळ्या प्रकरणातल्या सर्वांत महत्त्वाच्या गणिताकडे येऊ. नुसता वेग वाढवल्याने चिपचं फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते त्या वेगाला साथ देण्यासाठी वाढवलेल्या व्होल्टेजने. व्होल्टेज वाढलं की ट्रान्झिस्टर लवकर उघडझाप करतात आणि जास्त वेग पेलतो. पण चिपला लागणारी वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. चारही कोअर कामाला लागले असताना टर्बो, म्हणजे आपोआप वेग वाढवण्याची सोय, धरून २५००के मुळात ३.४ गिगाहर्ट्‌झला चालतो. समजा, तेव्हा तो १.२० व्होल्टवर ८० वॉट घेतो. ४.२ गिगाहर्ट्‌झसाठी १.३० व्होल्ट लागले, तर वीज जाईल सुमारे ११६ वॉटवर. आणखी हाव धरून १.४० व्होल्टवर ४.५ गिगाहर्ट्‌झ गाठलं, तर आकडा होतो १४४. म्हणजे शेवटच्या सात टक्के वेगासाठी जवळजवळ पंचवीस टक्के जादा वीज, आणि तेवढीच जादा उष्णता. ही चढण कुठे उभी होते ते ज्याने ओळखलं, त्याला कुठे थांबायचं ते वेगळं सांगावं लागत नाही.

उष्णता आणि प्रवाह यांचा दुसरा परिणाम सावकाश होतो. चिपमधल्या तारांतून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या धक्क्याने धातूचे अणू हळूहळू जागचे हलतात. एके ठिकाणी तार पातळ होते, दुसरीकडे धातू साचतो. मोटोरोलातल्या जेम्स ब्लॅक यांनी १९६९मध्ये याचं सूत्र मांडलं: प्रवाहाची घनता आणि तापमान वाढलं की तारेचं आयुष्य झपाट्याने घटतं. त्याच्या जोडीला ट्रान्झिस्टरही वयाबरोबर मंदावतात. म्हणून २०११मध्ये लोकांनी याच चिपवर काढलेले ४.८ किंवा ५ गिगाहर्ट्‌झचे आकडे आज आपल्या चिपसमोर ठेवू नयेत. तुमच्या हातातल्या चिपने अनेक उन्हाळे पाहिले आहेत, आणि आधीच्या मालकाने तिला कसं राबवलं हे तुम्हाला माहीत नाही. माझ्या मते अशा चिपला रोजच्या वापरात १.३० व्होल्ट पुरे. फार तर १.३५. इंटेलच्या तांत्रिक पत्रकात व्होल्टेजच्या रकान्यात १.५२ पर्यंतचा आकडा दिसतो आणि तो पाहून काहीजण निर्धास्त होतात. चिप किती व्होल्टपर्यंतची मागणी करू शकते, त्या पट्ट्याचं ते वरचं टोक आहे. रोज तिथे राहायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ नव्हे.

बायोसमध्ये शिरण्याआधी एक संध्याकाळ स्क्रूड्रायव्हर घेऊन बसावं. पंखा उचलला की त्याच्याखाली, हीटसिंकच्या पात्यांच्या तोंडाशी धुळीची करड्या रंगाची गादी तयार झालेली दिसते. वरून पंखा स्वच्छ दिसत असला तरी हवा आत जातच नसते. हीटसिंक काढला की जुनी थर्मल पेस्ट खडूसारखी कोरडी, भेगा पडलेली मिळेल. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने दोन्ही पृष्ठभाग पुसून घ्यावेत आणि मधोमध वाटाण्याच्या निम्म्या आकाराचा थेंब ठेवून हीटसिंक सरळ खाली दाबावा. इंटेलच्या मूळ कूलरच्या चार प्लॅस्टिकच्या खुंट्या हा जुना डोकेदुखीचा विषय आहे. तीन बसतात, चौथी बसल्यासारखी वाटते. बोर्डच्या मागच्या बाजूने चारही टोकं बाहेर आलेली दिसली पाहिजेत. तसं पाहिलं तर तो मूळ कूलर मूळ वेगापुरताच आहे, १.२५ व्होल्टच्या वर जायचं असेल तर उष्णतावाहक नळ्यांचा उंच टॉवर कूलर घ्या, आणि घेण्याआधी कॅबिनेटची रुंदी मोजा. सँडी ब्रिजच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. या चिपचं वरचं धातूचं झाकण आतल्या सिलिकॉनला सोल्डर केलेलं आहे, त्यामुळे उष्णता लवकर बाहेर येते. २०१२च्या आयव्ही ब्रिजमध्ये इंटेलने तिथे पेस्ट वापरली, आणि ती पिढी ओव्हरक्लॉक करताना जास्त तापायची.

आता नजर प्रोसेसरच्या आजूबाजूला न्यावी. सॉकेटशेजारी चौकोनी काळे तुकडे आणि दंडगोल कपॅसिटर दिसतात. एसएमपीएसकडून आलेल्या १२ व्होल्टचे सव्वा-दीड व्होल्ट करणारी व्यवस्था ती हीच. प्रोसेसरने जादा वीज मागितली की पहिला ताण हिच्यावर येतो. कपॅसिटरचं डोकं सपाट असायला हवं. ते जरासं जरी फुगलेलं असेल किंवा तळाशी तपकिरी डाग असेल, तर ओव्हरक्लॉकिंगचा विचार तिथेच सोडून द्यावा. तो बोर्ड मूळ वेगालाही फार दिवस साथ देणार नाही. एसएमपीएसचंही तसंच. स्टिकरवर ४५० वॉट छापलेला, पण हातात घेतल्यावर पिसासारखा हलका लागणारा एसएमपीएस विश्वासाचा नाही. १२ व्होल्टच्या ओळीसमोर किती अँपिअर लिहिलेत, ते वाचावं. घरी ६०० व्हीएचा यूपीएस असेल, तर तो प्रत्यक्षात साडेतीनशे वॉटच्या आसपासच पेलतो. ग्राफिक्स कार्ड आणि ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर एकाच वेळी भरात आले, तर वीज गेल्या क्षणी तो मान टाकेल. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेलही बदलून घ्या. तो मेलेला असेल तर वीज गेली की बायोसमधली सगळी मांडणी पुसली जाते.

एवढं झाल्यावर, काहीही न बदलता, मूळ वेगाला प्राइम९५ या प्रोग्रॅमने (त्याबद्दल पुढे येतंच) तपासणी करायची. ही पायरी लोक हमखास गाळतात. पण मूळ वेगालाच चिप ८५ अंशांवर जात असेल किंवा चाचणीत चुकत असेल, तर पुढचं सगळं व्यर्थ. पूर्ण भाराखालचं तापमान, व्होल्टेज आणि खोलीचं तापमान वहीत लिहून ठेवा. रॅमची तपासणी मेमटेस्ट८६ ने रात्रभर करून घ्या, कारण रॅमचा दोष पुढे प्रोसेसरच्या माथी मारला जातो. आणि अर्थातच, महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ती डिस्क संगणकापासून वेगळी ठेवा.

बायोसमध्ये ‘ऑटो ओव्हरक्लॉक’ नावाचं एखादं आकर्षक बटण असतं. ते दाबू नका. कुठल्याही चिपवर चालावं म्हणून ते गरजेपेक्षा बरंच जास्त व्होल्टेज देऊन मोकळं होतं. मल्टिप्लायर हाताने ३६ करा, व्होल्टेज तसंच राहू द्या, विंडोज चालू करा, अर्धा तास भार देऊन पाहा. मग ३८, मग ३९. बऱ्याच २५००के चिप्स ३.८-४.० गिगाहर्ट्‌झपर्यंत मूळ व्होल्टेजच्या आसपासच जातात; मला विचाराल तर जुन्या यंत्रासाठी हाच सर्वांत शहाणा मुक्काम आहे. पुढे जायचं असेल आणि निळा स्क्रीन येऊ लागला, तर त्यावरचा संकेतांक वाचा. १२४ किंवा १०१ आला, तर या पिढीत बहुधा व्होल्टेज कमी पडत असतं. ते एका वेळी ०.०१ किंवा ०.०२ व्होल्टनेच वाढवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही.

व्होल्टेज देण्याच्या दोन पद्धती असतात. ठाम आकडा दिला, तर संगणक रिकामा बसलेला असतानाही चिपला तेवढं व्होल्टेज मिळत राहतं. ‘ऑफसेट’ पद्धतीत चिपच्या स्वतःच्या मागणीत थोडी भर घातली जाते. त्यामुळे काम नसताना मल्टिप्लायर १६ वर, म्हणजे १.६ गिगाहर्ट्‌झवर उतरला की व्होल्टेजही उतरतं. जुन्या चिपला हीच पद्धत मानवते. त्याच पानावर ‘लोड लाइन कॅलिब्रेशन’ दिसेल. भार आला की व्होल्टेज किंचित खाली यावं, अशी मुळातच रचना असते, आणि हे कॅलिब्रेशन ती घसरण भरून काढतं. सर्वांत वरच्या पायरीवर ठेवलं, तर भार अचानक सुटताना व्होल्टेज क्षणभर ठरवल्यापेक्षा वर उसळतं. ती उसळी साध्या सॉफ्टवेअरला दिसतही नाही. मधली पायरी ठेवावी.

आता चाचणी. प्राइम९५ हा प्रोग्रॅम मुळात प्रचंड मोठ्या मर्सेन मूळसंख्या शोधण्यासाठी लिहिलेला. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६मध्ये सुरू केलेल्या त्या प्रकल्पात महिनोन्‌महिने चालणाऱ्या आकडेमोडीत एकही बिट चुकून चालत नाही. म्हणून त्यात संगणकाला छळून पाहणारी चाचणी आली. ती प्रोसेसरला अशी गणितं घालते ज्यांची उत्तरं आधीच ठाऊक आहेत. माझ्या सुरुवातीच्या भीतीचा पुरावा इथे डोळ्यांसमोर येतो. चार खिडक्यांत चार कोअर काम करत असतात. तासाभराने एका खिडकीत ओळ उमटते: राउंडिंगचा फरक ०.५ आला, अपेक्षा ०.४ हून कमीची होती. तो एक कोअर थांबतो. बाकीचे तीन चालूच, माउस हलतोय, गाणं वाजतंय, विंडोजला पत्ताही नाही. ही चाचणी लावलेली नसती, तर ते चुकलेलं गणित एखाद्या झिप फाइलमध्ये किंवा घरच्या व्हिडिओत जाऊन बसलं असतं.

हे फक्त हौशी लोकांचं निरीक्षण नाही. मायक्रोसॉफ्टच्या नाइटिंगेल, डाउसर आणि ऑर्गोव्हन या संशोधकांनी २०११मध्ये सुमारे दहा लाख घरगुती पीसींच्या बिघाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ओव्हरक्लॉक केलेल्या यंत्रांत हार्डवेअरच्या चुकांमुळे क्रॅश होण्याचं प्रमाण स्पष्टपणे जास्त होतं, अगदी थोडासाच वेग वाढवलेल्या यंत्रांतही. ठरलेल्या वेगापेक्षा कमी वेगाला चालणारी यंत्रं उलट जास्त भरवशाची निघाली. आणि एकदा अशी चूक झालेल्या यंत्रात ती पुन्हा होण्याची शक्यता बरीच वाढलेली होती. म्हणून ‘एकदाच अडकला होता, मग नाही’ हे स्वतःचं समाधान करून घेऊ नये. प्राइम९५ किमान रात्रभर चालू द्या. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हीया लॉगर’च्या नोंदी आहेत का ते पाहा, प्रोसेसरने चूक पकडून दुरुस्त केली असेल तर ती इथे दिसते. एकही नोंद असेल, तर मल्टिप्लायर एकने खाली. सगळं निर्दोष निघालं तरी मी शेवटी एक पायरी उतरूनच ठेवतो. तेवढी शिल्लक चिपच्या म्हातारपणासाठी.

तापमानाबद्दल परदेशी लेखांतले आकडे जसेच्या तसे उचलणं आपल्याकडे धोक्याचं आहे. कूलर चिपला थंड करतो तो खोलीतल्या हवेच्या आधाराने. चिप खोलीपेक्षा ठरावीक अंशांनी गरम राहते. २५ अंशांच्या खोलीत पूर्ण भाराखाली ६५ दिसले, तर चढ ४० अंशांचा. हाच संगणक मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या ४२ अंशांच्या खोलीत ८२ ला पोचेल, आणि तापलेल्या चिपमधली वीजगळती वाढते म्हणून प्रत्यक्षात थोडं वरच. या चिपची मर्यादा ९८ अंश. तिथे ती आपोआप मंदावते. डिसेंबरात पुण्यात बसून ठरवलेली मांडणी उन्हाळ्यात पुन्हा तपासलीच पाहिजे. भर दुपारी, एसीशिवाय, पूर्ण भाराखाली ८० च्या आत राहिला तर ठीक. आणि आतल्या सेन्सरवर खालच्या टोकाला फार विसंबू नका. तो मर्यादेपासूनचं अंतर मोजतो, त्यामुळे ९० च्या आसपास तो खरा बोलतो, ३० च्या आसपास अंदाज सांगतो.

इतका खटाटोप करून हाती काय लागतं? चारही कोअर वापरणाऱ्या कामात, म्हणजे व्हिडिओ रूपांतर किंवा मोठा प्रोग्रॅम कंपाइल करताना, ३.४ वरून ४.२ म्हणजे जवळजवळ चोवीस टक्के. एका कोअरवर चालणाऱ्या कामात फरक कमी, कारण तिथे टर्बो आधीच ३.७ पर्यंत नेत असतो, साडेतेरा टक्के. ब्राउझर उघडायला वेळ लागतो, संगणक सुरू व्हायला दोन मिनिटं लागतात, या तक्रारींवर मात्र ओव्हरक्लॉकिंग हे औषध नाही. तिथे आधी हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आणि चार जीबीची आठ जीबी रॅम. तो पैसा आधी, कूलरचा नंतर. जानेवारी २०१८मध्ये उघड झालेल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या दोषांवरच्या उपायांनी जुन्या चिप्सचा थोडा वेग खाल्ला. तेवढा भरून निघतो, हा मला ओव्हरक्लॉकिंगचा खरा उपयोग वाटतो. पण विंडोज ११ या पिढीला अधिकृतपणे घेत नाही आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. ती अडचण मल्टिप्लायरने सुटत नाही. लिनक्सकडे वळल्यावर सुटते.

ज्यांना वेगापेक्षा शांतता आणि वीजबचत हवी आहे, त्यांना याच बायोसमधून उलट दिशेनेही जाता येतं. मल्टिप्लायर मूळ जागी ठेवून ऑफसेट उणे करा आणि ०.०२ व्होल्टच्या पायऱ्यांनी खाली उतरत, प्रत्येक पायरीला हीच चाचणी लावत जा. कारखान्याने राखलेली शिल्लक वेगाऐवजी गारव्यात वळवता येते: पंखा हळू फिरतो, मे महिन्यातला चढ काही अंशांनी कमी होतो. इथेही चुकलेल्या गणिताचा धोका तोच, म्हणून रात्रभराची चाचणी इथेही चुकवायची नाही.

मांडणी पक्की झाली की ती बायोसमध्ये प्रोफाइल म्हणून जतन करा आणि आकडे एका कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढे यंत्र विकायची किंवा भाच्याला द्यायची वेळ आली, तर आधी बायोस मूळ स्थितीत आणा, आणि प्रोसेसर किती वर्षं किती व्होल्टवर चालला तो कागद तसाच आत राहू द्या. नव्या मालकाला त्याची गरज पडेल.